मधली तीन सप्तके

बाईंच्या दुकानात ‘चालून जाईल’ हे शब्द उच्चारायची कुणाची छाती नव्हती. पियानो मोडका येवो किंवा नुसता सूर लावून घ्यायला येवो, बाईंच्या हाताखालून गेला की त्यात चालून जाण्यासारखे काही शिल्लक राहत नसे. दोन सुरांमध्ये केसाएवढी जरी फट राहिली तरी त्या मान वाकडी करून थांबत आणि तारेची खुंटी पुन्हा फिरवत. “दोष ऐकत बसायचा नसतो, काढायचा असतो,” असे त्या कामावर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावत. सूर कुठे उतरायला हवा तेवढे ऐकावे. तो भरकटून कुठे गेला होता याची चौकशी करू नये. उभा जन्म त्यांनी याच रीतीने काम केले होते आणि या रीतीने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

धाकटी लेक दुकानात आली तेव्हा बाई एका जुन्या पियानोच्या पोटात हात घालून बसल्या होत्या. वर न बघताच त्यांनी चपलेचा आवाज ओळखला.

“दार लाव. धूळ येते आत.”

धाकटीने दार लावले. तिच्या केसांत आता पांढरे दिसू लागले होते. दुकानात ती क्वचितच येई, आणि आली तरी हत्यारांच्या फळीपासून चार हात दूर उभी राही. याच फळीसमोर, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेले असताना, बाईंनी एकदा तिच्या हातातून सूर लावायची किल्ली काढून घेतली होती. “हाताला वळण लावता येतं, कानाला नाही. तुझा कान कच्चा आहे,” एवढेच त्या म्हणाल्या होत्या, आणि तेही न रागावता. धाकटी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. त्यानंतर तिने किल्लीला हात लावला नाही. ती संगीत रचू लागली. मात्र तिने रचलेल्या संगीतात सूर एकमेकांशी नांदत नसत. ते एकमेकांना घासत, ढकलत, आणि ऐकणारा खुर्चीत चुळबुळ करू लागे.

“रविवारी दुपारी माझा कार्यक्रम आहे,” धाकटी म्हणाली. “मोठ्या सभागृहात. मी एकटीच वाजवणार आहे. तू ये.”

“परवाच्यासारखंच असणार ना? ते रेडिओवर लागलं होतं, तसं?”

“ऐकलंस तू ते?”

“तुझ्या वहिनीने लावलं होतं. मला वाटलं भांड्यांची फळी पडली. मी स्वयंपाकघरात जाऊन बघून आले.”

धाकटीला हसू आले, पण तिने ते अर्ध्यातच आवरले. “आई, बेसूर वेगळं आणि विसंवाद वेगळा.”

“ऐकणाऱ्याच्या कानाला दोन्ही सारखेच टोचतात.”

“बेसूर होतं ते आपल्या नकळत. मी करते ते समजून करते.”

“घसरून पडलेला प्रत्येक माणूस म्हणतो, मला बसायचंच होतं,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी खुंटी कसली. “ज्याला सरळ रेघ ओढता येते त्यानं वाकडी ओढली तर मी बघेन. ज्याला येतच नाही, त्याची वाकडी रेघ बघायला मी कशाला येऊ?”

थोरला मुलगा कोपऱ्यात तारांची वेटोळी लावत होता. तो मान खाली घालून ती पुन्हा पुन्हा लावत राहिला.

“पियानो मी स्वतः लावणार आहे,” धाकटी शेवटी म्हणाली. “तुझ्या दुकानातून कुणी नको. तू फक्त येऊन बस.”

ती गेल्यावर बाईंनी किल्ली खाली ठेवली. पोरगी स्वतः सूर लावणार! गावातले झाडून सारे वादक त्या सभागृहात येणार, आणि पहिल्याच पट्टीला त्यांना कळणार की बाईंच्या पोटच्या मुलीला तीन तारा एका सुरात आणता येत नाहीत. त्या रात्री बाईंना अन्न गोड लागले नाही. चिंता मुलीच्या अब्रूची होती की दुकानाच्या, हे दोन्ही त्यांना कधी वेगळे करता आले नव्हते. आणि या दोहोंच्या तळाशी आणखी एक गोष्ट पडून होती. धाकटी करते ते जर खरोखर जाणून-उमजून करत असेल, तर त्या दिवशी तिच्या हातून किल्ली काढून घेतली ती चूक होती. तिला येत नाही म्हणून ती तसे करत असेल, तर बाईंचे बरोबर होते. बाईंना बरोबर असण्याची सवय होती. यातले काय खरे निघावे असे आपल्याला वाटते, हे मात्र त्यांनी स्वतःला विचारले नव्हते.

रविवारी सकाळीच त्यांनी थोरल्याला गाडी काढायला लावली. त्याला दुकानाच्या कामासाठी पुढे जायचे होते. तो त्यांना सभागृहाच्या दारात सोडून गेला. आत खुर्च्यांच्या रांगा रिकाम्या होत्या आणि रंगमंचावर एकच दिवा जळत होता. सभागृहाचा रखवालदार लगबगीने पुढे आला.

“बाई, ताई घरी गेल्यात, कार्यक्रमाच्या वेळी येतील. पियानोला कुणाला हात लावू देऊ नका, असं सांगून गेल्यात.”

“कुणाला म्हणजे परक्याला. मी कोण?”

रखवालदार घुटमळला. पण हा पियानो सभागृहात आल्यापासून त्याची निगा बाईच राखत आल्या होत्या. तो बाजूला झाला आणि वर त्याने त्यांच्यासाठी खुर्चीही पुसून दिली.

बाईंनी मधली पट्टी दाबली. पियानोच्या बहुतेक सुरांना तीन तीन तारा असतात, आणि त्या तिन्ही मिळून एकच आवाज यावा लागतो. इथे तो आला नाही. आवाजात लहर होती. एक तार उतरलेली होती आणि सूर पाण्यावरच्या सावलीसारखा डुचमळत होता. बाईंनी शेजारची पट्टी दाबली. तीही तशीच. तिच्या शेजारची, तशीच. त्यांनी डोळे मिटले. इतकी वर्षे उलटली, तरी कान कच्चा तो कच्चाच.

मग पदर खोचून त्यांनी पिशवीतून किल्ली काढली. पियानोचे झाकण वर केले, शेजारच्या तारा मुक्या करायला मध्ये नमद्याची पट्टी सारली आणि त्या कामाला लागल्या. प्रत्येक सुरात डावी तार तेवढी उतरलेली होती. ती वर घ्यायची, मधल्या तारेशी मिळवायची, लहर विरली की पुढे जायचे. दोष ऐकत बसायचा नव्हता. हात आपोआप चालत होते, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना लेकीसाठी काहीतरी करत असल्याचे समाधान वाटत होते. पोरीला कळणारसुद्धा नाही, आणि तिची लाज राखली जाईल. मधली तीन सप्तके अशी एकामागून एक स्वच्छ झाली, धुऊन वाळत घातलेल्या कपड्यांसारखी.

पुढे किती काम उरले आहे हे बघावे म्हणून त्यांनी वरच्या, अजून हात न लावलेल्या भागातले दोन लांबलांबचे सूर एकदम दाबले. ढिल्या पडलेल्या तारांचा एक स्वभाव असतो: सूर जितका वरचा, तितकी त्याची लहर जलद. दोन सुरांच्या दोन लहरी दोन चालींनी यायला हव्या होत्या. आली ती एकच. बाईंचा हात पट्ट्यांवर तसाच राहिला. त्यांनी दुसरी जोडी दाबली, मग तिसरी, मग खाली खर्जात जाऊन दोन सूर दाबले. सगळीकडे तीच लहर, त्याच संथ चालीची. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा सगळा पियानो एका तालात वरखाली होत होता.

असे आपोआप होत नाही. असे व्हायला प्रत्येक सुराची तार वेगवेगळ्या मापाने उतरवावी लागते, आणि ते माप कुठेही लिहिलेले नसते. ते कानानेच शोधावे लागते. बाईंनी आयुष्यात असे काम केले नव्हते, आणि कुणी केल्याचे ऐकलेही नव्हते.

त्या मधल्या सप्तकांकडे परतल्या. तिथे आता सगळे गप्प होते.

त्यांनी किल्ली पुन्हा खुंटीवर चढवली आणि नुकतीच मिळवलेली तार उतरवायला घेतली. लहर आली, पण धावत आली. थोडी वर घेतली तर ती विरूनच गेली. पुन्हा उतरवली. सरळ करण्यातच हयात घालवलेल्या हाताला तिरके करता येईना; तार जरा हलली की मनगट तिला ओढून जागेवर आणू पाही. चार सुरांवर त्यांनी झटापट केली आणि चार जणांच्या चार चाली झाल्या. मग नमुना म्हणून धाकटीचे काम नीट ऐकावे, यासाठी त्या अगदी वरच्या टोकाला गेल्या. तिथले सूर त्यांना स्थिर वाटले. लहर नव्हतीच. इथे पोरगी दमली असावी, असे वाटून त्यांना क्षणभर हायसे वाटले.

“काय करतेयस तू, आई?”

थोरला रंगमंचाच्या पायरीवर उभा होता. त्याने उघडे झाकण पाहिले, नमद्याची पट्टी पाहिली, आणि त्याचा चेहरा उतरला.

“वरच्या टोकाला तिनं काही केलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “ऐक.” त्यांनी पट्टी दाबली.

थोरला पट्टीकडे बघत राहिला.

“बोल की. लहर आहे का?”

“आहे, आई. स्पष्ट आहे.”

बाईंनी पट्टी पुन्हा दाबली. मग शेजारची. थोरला त्यांच्याकडे न बघता हत्यारे पिशवीत भरू लागला. गेली काही वर्षे प्रत्येक कामानंतर तो म्हणे, “तू हो पुढे, मी आवरून येतो,” आणि बाई गाडीत बसून त्याच्या रेंगाळण्याला नावे ठेवत. आता त्यांनी ते सगळे ‘आवरणे’ एका दमात मोजून घेतले.

“वरचे सूर माझ्यामागे किती वर्षं लावतोयस?” त्यांनी विचारले.

“आत्ता ते राहू दे. तू तिला सांग. लोक यायला लागलेत. हे लावायला तिला दोन दिवस लागले होते. आता काही होणार नाही, पण तिला कळायला तरी हवं. आत जाऊन सांग तिला.”

रंगमंचामागच्या खोलीत धाकटी आरशाकडे पाठ करून बसली होती. आईला दारात बघताच ती उभी राहिली.

“आलीस. पियानो पाहिलास?”

“पाहिला.”

“वाजवून पाहिलास?” तिने विचारले, आणि बाईंच्या ध्यानात आले की हा प्रश्न तिने कित्येक दिवस तोंडात धरून ठेवला होता. साऱ्या सभागृहाला जे नुसते विचित्र वाटणार होते, ते कसे केले आहे हे जाणणारा कान एकच होता. त्या एका कानासाठीच ती दुकानात येऊन उभी राहिली होती.

“कान पक्का आहे तुझा,” बाई म्हणाल्या. “माझ्यापेक्षा पक्का. माझं चुकलं.”

केसांत पांढरे आलेली धाकटी क्षणात दुकानातल्या पोरीसारखी दिसू लागली. तिने आईचा हात धरला. मधली सप्तके आपण बिघडवली, हे सांगायचे अजून उरले होते. या चेहऱ्यासमोर ते बोलता येणे त्यांना शक्य नव्हते, आणि न बोलणे हे त्याहून वाईट आहे हेही त्यांना पुरते कळत होते. बाहेर घंटा झाली. धाकटी आईचा हात सोडून निघून गेली.

“सांगितलंस?” थोरल्याने पहिल्या रांगेत त्यांना बसवताना विचारले.

“सांगायचं ते सांगितलं.”

धाकटीने खर्जातला एक सूर दाबला. तो संथ डोलत सभागृहात पसरला. मग दोन्ही हात मध्ये आणून तिने पहिला मोठा स्वरमेळ वाजवला, आणि तो जिथल्या तिथे ताठ उभा राहिला. धाकटीचे हात पट्ट्यांवर तसेच थांबले. तिने प्रेक्षकांकडे पाहिले नाही, झाकणाकडे पाहिले, तारांकडे पाहिले. इतके स्वच्छ काम या गावात दुसरे कुणी करत नाही, हे ओळखायला तिला वेळ लागला नसणार. मग तिने वाजवायला सुरुवात केली. रचनेत सूर जिथे एकमेकांना भिडायचे होते तिथे ते शिस्तीत शेजारी उभे राहत होते. आणि मध्येच ते चार बिघडलेले सूर आले की खरोखरच भांडे पडल्यासारखे वाटे. टोकाचे सूर डोलत होते, मधले नव्हते, आणि दोहोंचा एकमेकांशी काही संबंध राहिला नव्हता. धाकटी शेवटपर्यंत वाजवत राहिली. एकही पट्टी चुकली नाही.

टाळ्या बऱ्या झाल्या. संगीतशाळेचे निवृत्त प्राचार्य काठी टेकत बाईंपर्यंत आले.

“अभिनंदन, बाई. मुलीला अखेर सूर सापडला म्हणायचा. कडेकडेचा तो गोंधळ सोडा, पण मधला भाग काय गोड होता. मी म्हणतच होतो, रक्तात आहे ते कुठे जाणार?”

“मधला भाग माझा होता,” बाई मोठ्याने म्हणाल्या. आजूबाजूच्या चार माना वळल्या. “तो मी तिला न विचारता लावला. तिनं लावलं होतं ते माझ्यानं जन्मात झालं नसतं. ते मी बिघडवलं.”

प्राचार्य खळखळून हसले. “पाहा. या वयातही श्रेय सोडायच्या नाहीत बाई. आणि का सोडावं?” बाकीचेही हसले. कुणीतरी बाईंना वाकून नमस्कार केला.

सभागृह रिकामे झाले. संध्याकाळी तिथे दुसरा कार्यक्रम होता, आणि त्याआधी पियानो पूर्ववत करून देण्याचे धाकटीने कबूल केले होते. ती झाकणाशी वाकून उभी होती. बाई पायऱ्या चढून वर गेल्या.

“मी करते ते. तू बस.”

“नको,” धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “तू मधलं केलंयस. कडेचं मी करते.”

“पुन्हा कुठे लावशील तेव्हा मला बोलाव. मी खुर्चीवरून हलणार नाही.”

धाकटीने किल्ली खुंटीवर चढवली.

बाई खाली येऊन थोरल्याशेजारी बसल्या. धाकटीने आधी ते चार बिघडलेले सूर सरळ केले, मग खर्जापासून सुरुवात केली. एकेका सुराचा श्वास मंदावत थांबत होता, आणि तो थांबला की बाईंची मान नकळत खाली झुकत होती. मग ती वरच्या टोकाकडे गेली. आता बाईंना फक्त तिचे मनगट दिसत होते, किंचित वळणारे, थांबणारे, पुन्हा वळणारे.

“झालं का तिचं?” त्यांनी थोरल्याला विचारले.

“नाही, आई. अजून चाललंय.”