तांबड्या वाऱ्याचा फडका

मी वाक्ला आजीचा तांबडा फडका बोलतोय. जन्माने एका लोकरी घोंगडीचा कोपरा. घोंगडीला कसर लागली, मी तेवढा वाचलो आणि थेट वैद्यकीत शिरलो.

डॅन्यूबकाठच्या आमच्या बल्गेरियन गावात कातडी लाल होऊन तापली, की ‘तांबडा वारा’ लागला म्हणतात. तुमच्याकडचं धावरं ते हेच. आजी माझ्यात खडूची पूड भरते, काहीतरी पुटपुटते आणि मला बांधते. तीन दिवस सोडायचं नाही. डॉक्टरची सुई तर टोचायचीच नाही. सुईने वारा चवताळतो. गांधीलमाशी चावलेले, उन्हाने भाजलेले, सगळे माझ्याकडे आले. आपोआप बरे होणारे आपोआप बरे झाले आणि माझी कीर्ती वाढली.

परवा मला स्तोयनाच्या पायावर बांधलं. रबरी बुटांत राबून तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. दुखणं त्या भेगांतूनच आत शिरलं. वेळीच मलम लावून पाय कोरडे ठेवले असते, तर बहुधा माझी गरजच पडली नसती. पण चिखल्यांना कोण विचारतं?

तिला हुडहुडी भरली, तसा नवरा त्सोंचो डॉक्टरांना फोन करायला उठला. आजीने त्याला खाली बसवलं.

“बायको जड झाली का रे तुला?”

“आजी, पाय तव्यासारखा तापलाय.”

“मग गुण येतोय.”

माझ्याखाली लाली घोट्यावरून पोटरीवर, पोटरीवरून गुडघ्याकडे सरकत होती. फोड येत होते. मी पडलो तांबडा. माझ्याआड कुणाला काय दिसणार? मी आतल्या आत आक्रोश करत होतो: मला सोडा, तिला दवाखान्यात न्या, अँटिबायोटिक द्या. फडक्याला तोंड नसतं.

आज सकाळी स्तोयनाने नवऱ्याकडे पाहून विचारलं, “कोण हवंय तुम्हाला?” जन्मभर ज्याला अरे-तुरे केलं, त्याला.

त्सोंचोने मला ओरबाडून काढलं, तिला उचलून गाडीत घातलं आणि विदिनच्या इस्पितळाकडे नेलं.

मी जमिनीवर पडलो होतो. आजी आली. मला झटकत दारातल्या बायकांना म्हणाली, “मुदतीआधी सोडलं त्याने. आता मला बोल लावायचा नाही.”

म्हणजे स्तोयना वाचली तर माझ्यामुळे, गेली तर त्सोंचोमुळे.

गाडी अजून परतलेली नाही. पलीकडच्या घरात कुणाचा तरी गाल लाल झालाय, आणि आजी मला घेऊन निघालीय. वाटेत भेटलात, तर मला हिसकावून चुलीत घाला. पण त्सोंचोला दोष देऊ नका. त्याने मला सोडलं, तेवढाच एक उपचार त्या घरात झाला.