काँगल राजाचा डोळा

सत्यमने डिझेलचा कॅन देवळाच्या पायरीवर ठेवला. अरफाने कॅनकडे पाहिलं नाही. ती गेणूभाऊंच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी बघत होती.

गेणूभाऊ गावचे सरपंच. पंधरवड्यापूर्वी सरुबाईच्या बांधावरून, अरफाच्या मधपेट्यांजवळून जाताना एका मधमाशीने त्यांच्या बुबुळालाच डंख केला. पुण्याच्या डॉक्टरांनी काटा काढला, नजर काही परत आली नाही. आता त्यांचा मुलगा सत्यम पेट्या जाळायला निघाला होता, आणि लोकांनी त्याला जेमतेम देवळापाशी थोपवलं होतं. कामशेतच्या अब्दुल वाण्याची मुलगी अरफा प्राणिशास्त्र शिकून आली होती आणि तिच्या तीन वर्षांच्या मेहनतीने पेट्यांतल्या माश्यांच्या त्या वसाहती उभ्या राहिल्या होत्या.

"माशी तुजीच व्हती ना?" सत्यमने विचारलं.

"असेल. रानातलीही असेल. खात्रीने नाही सांगता येणार."

"बघा. हिला खात्री न्हाई. आबांचा डोळा मातुर खात्रीनं गेलाय."

गेणूभाऊंनी हात वर केला. "पोरी, तू लय शिकल्याली. माशीनं डोळा नेल्याचा न्याय कुटं झालाय का, का आमीच पैले?"

"झालाय," अरफा म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं, बोलायला नको होतं.

"सांग मंग."

"आयर्लंडमध्ये. तेराशे-चौदाशे वर्षं झाली. काँगल नावाचा राजा होता. अल्स्टर हे त्याचं स्वतःचं राज्य. शिवाय तारा नावाच्या टेकडीवरचं पद त्याच्याकडे होतं, सगळ्या राजांत मोठं. मधमाश्यांनी त्याचा एक डोळा आंधळा केला. तिथल्या मधमाश्यांच्या जुन्या कायद्यात हे लिहिलंय."

"फुडं?"

अरफा अडखळली. उपसरपंच अंबाजी खांबाला टेकून कान देऊन ऐकत होता. गाळून सांगता आलं असतं, पण तिला ते जमणारं नव्हतं.

"राजाच्या अंगात खोट चालत नसे. तारा टेकडीवरचं पद गेलं."

अंबाजी हसला. "ऐका सरपंच. कायदाच हाय म्हनं."

सत्यम उठला. त्याने कॅनचं झाकण फिरवायला घेतलं. जिच्या बांधावर पेट्या होत्या ती सरुबाईही त्याच्या वाटेतून बाजूला झाली.

"बस खाली," गेणूभाऊ म्हणाले. मग अरफाला, "आन त्येचं सोताचं राज्य?"

"ते राहिलं. मरेपर्यंत."

"म्हंजी तालुका गेला, गाव ऱ्हायलं. अंबाजी, तुजी पंचाईत झाली."

दोघं-तिघं हसले. गेणूभाऊ हसले नाहीत. "माशीवाल्याला काय केलं?"

"अल्स्टरचे लोक म्हणाले, मालकाच्या मुलाचा डोळा द्या."

सत्यम तिच्या डोळ्यांकडे बघत होता. अरफाने नजर हलू दिली नाही.

"डॉनल नावाच्या राजाने निवाडा दिला. माशी कुठल्या पोळ्यातली हे कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा सगळ्या पोळ्यांवर चिठ्ठ्या टाका. निघेल ते पोळं भरपाईत जाईल."

"त्येवढ्यावर काँगल गप बसला?"

"नाही. पुढे तो त्याच डॉनलवर चालून गेला. लढाईत मेला."

"डोळ्यापायी?"

"तेवढं नाही सांगता येणार, भाऊ."

गेणूभाऊंचा हात पट्टीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"भरपाईत म्हंजी जाळायचं?"

"जाळायचं नाही. ज्याचं नुकसान झालं त्याला द्यायचं."

"मंग टाक चिठ्ठ्या. एक पेटी माजी. बाकीच्यांना कुनी हात लावायचा न्हाई."

"आबा, ती अवदसा घरी आनून करनार काय?"

"परसात ठेवनार. डोळा माजा गेलाय, सत्यम. तुजा न्हाई."

संध्याकाळी माश्या आत परतल्यावर अरफाने चिठ्ठी निघालेल्या पेटीचं दार फळीने बंद केलं. पेटी गेणूभाऊंच्या परसात, शेवग्याखाली मांडली गेली. आत घुमल्यासारखा आवाज चालला होता.

"आता दार उघडायचं," ती म्हणाली. "हलवलेल्या माश्या चिडलेल्या असतात. तुम्ही समोरून बाजूला व्हा, भाऊ. जाळी तरी घाला."

"तू सर मागं."

ते उकिडवे बसले, डावा डोळा दारापाशी नेला आणि स्वतःच्या हाताने फळी सरकवली. आवाज वाढला. एक माशी बाहेर आली, फळीवर थांबली, पंख फडफडवू लागली.

कुंपणापाशी उभा असलेला सत्यम धावत आला. त्याचा तळहात वडिलांच्या चांगल्या डोळ्यावर आडवा पडला.

"हात काढ," गेणूभाऊ म्हणाले. "मला दिसत न्हाई."