दादाच्या हातातली साखर

दादाने तिसऱ्यांदा सांगितलं, "एकही पेशी मेली नाही," आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी रेणू बनवते. ह्या रेणूचं एक टोक चरबीचं, दुसरं साखरेचं. कर्करोगाच्या पेशीवर तो टाकला की चरबीचं टोक तिच्या सालीत रुततं आणि साखर बाहेर लोंबत राहते. ही साखर माणसाच्या अंगात बनत नाही, पण आतड्यातल्या जंतूंवर तिच्यासारखीच असते. म्हणून सगळ्यांच्याच रक्तात तिचे वैरी जन्मभर दबा धरून असतात. साखर दिसली की तिला धरतात, मागून कुमक बोलावतात आणि पेशीच्या चिंधड्या उडवतात. मला हे काम आवडतं ते ह्या चिंधड्यांसाठीच. उगाच सभ्यपणाचा आव कशाला आणू?

माझा सख्खा थोरला भाऊ शेजारच्या खोलीत तपासणी करतो. रेणू लावलेल्या पेशींवर रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, घालायचं आणि त्या मरतात का बघायचं, हे त्याचं काम. आमच्या मॅडमना आम्ही मेजर म्हणतो. त्यांनी सकाळीच बजावलं होतं, "आज पेशी मेल्या नाहीत तर हे काम बंद." माझी सगळी मेहनत आता एका छोट्या बाटलीत उरली होती, आणि ती दादाच्या टेबलावर होती.

"तुझा साखरेचा सांधा उलटा बसलाय," दादा म्हणाला. "उलटी साखर रक्त ओळखत नाही."

"मी नीट तपासलाय."

"मग पुन्हा तपास. माझ्यावर कशाला डाफरतेस?"

मी त्याच्या मागोमाग त्याच्या खोलीत घुसले. कोपऱ्यात गरम पाण्याच्या भांड्यात सीरमची नळी तरंगत होती.

"हे तापवतोयस कशाला?"

"नेहमीच तापवतो."

पेशी वाढवायच्या असल्या की सीरम तापवूनच घालतात. त्यातला मारेकरी माल मरतो, पेशी सुखाने वाढतात. दादाने जन्मभर तेच केलेलं, हात आपोआप तिकडे वळायचा. पण इथे तर पेशी मारायच्या होत्या! तापवल्यावरही वैरी साखरेला जाऊन धरतात, पण मागून येऊन पेशी फोडणारे शिजून गेलेले असतात. पोलिसाने चोराला धरलंय, पण काठी घरीच राहिलीय, अशातली गत.

"दादा, तुला कळलं नाही?"

त्याने नळी पाण्यातून बाहेर काढली.

"मागच्या वेळी कळलं," तो म्हणाला. "न तापवता पेशी मेल्या असत्या तर आधीची चूक उघडी पडली असती. मेजरला सांगितलं असतं तर हाकललं असतं मला. तू काय, दुसरं काहीतरी बनवशील."

मी त्याच्या थोबाडीत मारली. चष्मा उडाला. त्याने माझे केस धरून मला कपाटावर आपटलं. कानात शिट्टी वाजली, तोंडात रक्ताची चव आली. लहानपणीही आम्ही मारामारी करायचो, पण तेव्हा आई सोडवायला यायची. मी त्याच्या नडगीवर लाथ घातली, त्याने स्टूल फेकलं, काचेच्या नळ्यांचा चुरा झाला. मग त्याने माझी बाटली मुठीत घेतली.

"ओततो बेसिनमध्ये! कटकट तरी संपेल."

मी त्याचं मनगट पकडून टेबलाच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्या वेळी बाटली मुठीतच फुटली. काचा तळव्यात घुसल्या आणि रेणू सगळाच्या सगळा जखमेत गेला.

आधी नुसतं रक्त वाहिलं. मग तळवा लाल झाला, बघता बघता फुगला, बोटं टम्म होऊन फाकली. दादा किंचाळत नळाखाली धावला.

आवाज ऐकून मेजर दारात आल्या. मी दादाचा हात ओढून त्यांच्यासमोर धरला.

"बघा! ओळखली साखर! ह्याचं रक्त ताजं आहे, तापवलेलं नाही!"

मी हसत होते. मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

"अगं, सोड त्याला!" मेजर ओरडल्या आणि फोनकडे पळाल्या.

दादाने हात पुन्हा नळाखाली धरला. दुसऱ्या हाताने तो तळवा खसाखसा चोळत होता, लहान मुलासारखा रडत होता.

"जात का नाहीये गं हे? चिमणे, धुऊन काढ ना!"

मी साबण घेतला, त्याचा हात हातात घेतला आणि चोळायला लागले. पाण्याने काही निघणार नव्हतं. चरबीचं टोक एकदा रुतलं की पेशी फुटेपर्यंत सुटत नाही, मी ते तसंच बनवलं होतं. हे दादालाही माहीत होतं, तरी तो धू म्हणत राहिला, आणि मी धूत राहिले.