चार जादा तारा आणि अर्धी पाटी

निवृत्तीनंतर लोक सकाळी फिरायला जातात. मी गॅलरीत सीएनसी मशीन बांधलं. संगणकाने हुकूम द्यायचा आणि फिरत्या पात्याने लाकूड कोरायचं, एवढंच ते चौरंगाएवढं मशीन. "तेहतीस वर्षं कारखान्यात याचे आजोबा चालवलेत मी," असं वत्सलाला, म्हणजे आमच्या हिला, सांगून टाकलं. कारखान्यात मी स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत होतो, हे तिला माहीत आहे. तुम्हाला आत्ता कळलं.

मशीन झकास चालायचं, पण भुसा फार. मी एकदा शिंकलो तर समोरच्या इमारतीला आतून रंधा मारून झाला. पुरावा मागू नका. वत्सलाच्या कुरडया मात्र खरंच सागवानी निघाल्या.

"रविवारी आपल्या चैतालीचे सासू-सासरे सटाण्याहून जेवायला येताहेत," ती म्हणाली. "त्यांच्या ताटात भुशाचा एक कण दिसला, तर सोमवारी तुमचं मशीन द्वारका चौकातल्या भंगारवाल्याकडे."

आता आली का पंचाईत! मशीनच्या बोर्डाला बाहेरची उपकरणं चालू-बंद करायला दोनच आउटपुट होते. एकावर पात्याची मोटर, दुसऱ्यावर ती थंड ठेवायला पाण्याचा पंप. मी रिकाम्या पिनांना चार रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारी बटणं, जोडले आणि चार आउटपुट वाढवले: भुसा ओढायला व्हॅक्यूम, उडवायला ब्लोअर, उजेडाला दिवा, आणि काम संपलं की वाजायला शाळेतली जुनी घंटा. घंटेची गरज नव्हती. पण चौथा रिले मोकळा राहिला होता, आणि मोकळं बसलेलं कोणी मला बघवत नाही. स्वतःला सोडून.

रिले निघाले उलट्या डोक्याचे. पिनेवर वीज दिली की बंद, काढली की चालू. शहाण्या माणसाने ते सुलट केले असते. मी हुकूमच उलटे लिहिले. चालू करायचं असलं की 'बंद' म्हणायचं. संसारात हीच युक्ती चाळीस वर्षं चालली होती.

रविवारी व्याही देवराम आणि विहीणबाई आक्काबाई आल्या आल्या मी त्यांना गॅलरीत नेलं. पोरांच्या नव्या घराची पाटी कोरायला लावली. भुसा उडतोय आणि व्हॅक्यूम गटागट गिळतोय. 'चैताली आणि' एवढं झालं, अन् लाईट गेली.

"जेवून घ्या," वत्सला म्हणाली. गॅलरीच्या दाराशीच पंगत बसली. ताटात एक कण नव्हता. मी तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण नाही. व्हॅक्यूमचा डबा उघडून मी व्याह्यांना दाखवला, "बघा, केवढा भुसा धरलाय!" आणि उघडा डबा ठेवला कुठे? ब्लोअरच्या तोंडासमोर. भिंतीवरची बटणं चालूच. गावाकडे विहिरीच्या मोटारीचं बटण कोण बंद करतं? ऑटो लावून ठेवायचं. लाईट आली की मोटार आपोआप पाणी ओढते. ती सवय शहरात येऊन सुटली नाही.

लाईट आली. बोर्ड जागा होताना सगळ्या पिनांवरची वीज काढतो. म्हणजे माझ्या उलट्या रिलेंना एकच अर्थ: चला, सगळे चालू!

घंटा वाजली, ब्लोअर सुटला आणि डबाभर भुसा पंगतीवर आला. मी संगणकाकडे धावलो. तो म्हणाला, अपडेट चालू आहे, थांबा. आमरसावर साय धरावी तसा भुसा बसला. देवरामांची टोपी उडाली ती इगतपुरीच्या पुढे कोणाला तरी सापडली म्हणतात.

"याही, मनी टोपी कथी गई?" देवराम डोक्यावर हात फिरवत विचारत होते.

वत्सलाने शांतपणे उठून मेन स्विच पाडला. मग माझ्याकडे पाहिलं. "सोमवार," ती म्हणाली.

तेव्हा आक्काबाईंनी भुवयांवरचा भुसा झटकला. "पण इहीणबाई, पाटी? 'चैताली आणि' म्हंजे आमचा प्रफुल्ल कोठे शे? दारावर अशी लावली तर लोक काय म्हणतील?"

वत्सलाने पदराने पाटीवरचा भुसा पुसला. "ठीक आहे. पाटी पूर्ण होईपर्यंत मशीन राहील. झाली की भंगारात."

या गोष्टीला चौदा महिने झाले. 'प'ची उभी रेघ कोरून झाली आहे. जोडाक्षर अवघड असतं, घाई करून चालत नाही. रिले सुलट केले, आणखी चार आउटपुटही जोडले. चैतालीचा दर आठवड्याला फोन येतो, "बाबा, पोस्टमन घर शोधत फिरतोय."

परवा वत्सला मशीनच्या दांड्यावर कुरडयांचं कापड वाळत घालत होती. "कुठवर आलं नाव?" तिने विचारलं.

"पुढच्या वर्षी 'र' होईल."

"मग 'फु'ला घाई करू नका," ती म्हणाली. "हा दांडा कपड्यांना बरा पडतो."