सटीच्या अलीकडं

कौशल्या गेली त्या दिवशी मी कांद्याला दारं धरत होतो. फाल्गुनातलं ऊन, खाली चिखल, वर डोकं तापलेलं. वाफा अर्धा भरला आणि पाटाचं पाणी बारीक होत होत थांबलं. मी खोरं टेकवून ओरडलो, "लाईट गेली काय रं?"

माझा धाकटा भाऊ दामू विहिरीकडून बांधावरनं येत होता. जवळ आला पण वाफ्यात उतरला नाही.

"लाईट हाय दादा. मीच मोटार बंद केली."

"आनि का?"

"पाय धुवा. घरी चला."

"आरं वाफा अर्धा ऱ्हायलाय."

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला आणि त्यानं उपरणं तोंडाला लावलं. "दिल्लीवनं फोन आला हुता. वैनी…"

मी खोरं तिथंच वाफ्यात टाकलं. पाय न धुताच बांधावर चढलो.

कौशल्या दिल्लीला लेकीकडं गेली होती. राधाचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून महिनाभर तिच्या हाताखाली राहायला. राधा बरी होऊन हापिसला जायला लागली, आणि ही तिच्या स्वयंपाकघरात बसल्या जागी कलंडली. डॉक्टर म्हणाले, हृदय. जावयानं माझं विमानाचं तिकीट काढलं. माझी वाट बघत तिला ठेवली होती. यमुनेच्या घाटावर मी अग्नी दिला आणि त्यानंतर गावी परत गेलोच नाही. राधानं जाऊ दिलं नाही, आणि मलाही त्या घरात एकट्यानं चूल पेटवायचं धाडस झालं नाही. रान दामू बघतो.

राधाचं घर लक्ष्मीबाई नगरात, सरकारी क्वार्टर. ती आणि अनुराग, आमचे जावई, दोघंही केंद्राच्या नोकरीत. अनुरागचे आई-वडील पुण्याकडचे, पण तो जन्मला-वाढला इथंच. चांगला मुलगा आहे. माझ्याशी मराठी बोलायला जातो आणि निम्म्या वाटेवर हिंदीत शिरतो. "बाबा, तुम्ही बैठा ना, मी पानी आणतो," असं. सकाळी दोघं गेली की संध्याकाळपर्यंत घरात मी आणि भिंती. बोलायला माणूस नाही म्हणून मी कधी कधी खालच्या माळ्याशी बोलतो. तो बिहारचा. त्याचं मला अर्धं कळतं, माझं त्याला पाव.

राधा आईचं नाव काढत नव्हती. जेवायला बसली की दोन घास खाऊन ताट सारायची. मी म्हणायचो, "खा की गं." ती म्हणायची, "ऑफिसात खाल्लं आबा." एवढंच बोलणं.

मार्गशीर्ष लागला. गावी असतो तर घटी बसलो असतो. आमच्या गावी खंडोबाचं सहा दिवसांचं नवरात्र असतं, पहिल्यापासून चंपाषष्ठीपर्यंत. षष्ठीला आम्ही सट म्हणतो. लग्नाच्या आधीपासून मी बसत आलो. ते सहा दिवस घर बंद. देवळातच निजायचं, उपास करायचा, कुणाच्या उंबऱ्यात पाऊल घालायचं नाही. सटीला घट उठला, भंडारा उधळला, भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, की मग कपाळ पिवळं करून घरी. यंदा वर्षाच्या आत मला देव नाही. दिल्लीत धुरकट सकाळी उठायचं, आणि आज तिथं काय चाललं असेल ते मनाशी म्हणायचं, एवढंच उरलं.

पण सट मला दुसऱ्या कारणानं हवी होती. राधा सटीची. त्या वर्षी मी घटावरून उठून घरी आलो, तर दारातच आईनं अडवलं आणि सांगितलं, "पोरगी झाली. पाय धुऊन बघ." भंडारा लागलेल्या हातानं मी तिला पहिल्यांदा घेतली. तिच्या टाळूवर पिवळं बोट उमटलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात ते पक्कं. सट म्हणजे राधाचा दिवस.

त्या दिवसांत राधा सकाळी चहा पिताना फोन उपडा ठेवायची नाही. उताणा ठेवायची आणि मधूनच बघायची. मला वाटलं, पोर आईच्या फोनाची वाट बघते. दरसाल कौशल्या तिला फोन करायची, "राधे, आज तुझा दिवस हाय," असं तीच मला सांगायची. आता कोण करणार? मी ठरवलं, बोलायचं काही नाही. सटीला आपण रांधायचं आणि तिच्या पुढ्यात ठेवायचं. ती जेवली तर जेवली.

रांधता मला एकच गोष्ट येते, भरीत-रोडगा. देवळातला नैवेद्य आम्ही घटकरी पुरुषच करतो. पण तो सगळ्या गावाचा. तीन माणसांचा कसा करायचा, ते मला कुठं ठाऊक? सटीच्या सकाळी बाजारात गेलो. इथली वांगी काळी, चकचकीत, एकेक लहान भोपळ्याएवढं. मी पिशवी भरत गेलो. भाजीवाला बघत राहिला.

"अंकलजी, लंगर है क्या?"

"लडकी का बर्थडे है."

"कितने लोग आएंगे?"

"तीन."

त्यानं शेजारच्या गाड्यावाल्याला हाक मारून सांगितलं. दोघं हसले. मग त्यानंच निम्मी वांगी काढून घेतली आणि कांद्याची पात वरून फुकट घातली. "बिटिया को मेरी तरफ से," म्हणाला.

वांग्यांना तेल पुसलं, चिरा देऊन लसूण खुपसला आणि गॅसवर ठेवली. गावी गोवऱ्यांचा जाळ असतो, वांगं आत टाकायचं आणि विसरायचं. इथं वांग्याचं पाणी जाळावर ठिबकायला लागलं, साल जळायला लागली, आणि बघता बघता घर धुरानं भरलं. दार उघडलं तर समोर अलकनंदाबाई उभ्या. शेजारच्या, नागपूरच्या मूळच्या, यजमान मंत्रालयात होते.

"अहो गुलाबराव, काय जळतंय? बाहेर काय पोल्यूशन कमी आहे, ते तुम्ही आत पण करताय?"

"वांगी भाजतोय बाई."

"अच्छा, भरीत! खिडकी उघडा आधी. आणि जाळी ठेवा ना गॅसवर, थांबा, आणते." जाळी घेऊन आल्या, तशा ओट्याला टेकून उभ्याच राहिल्या. "आज चंपाषष्ठी, नाही का? मी बाई विसरलेच. इथं काही कळतच नाही. नैवेद्य दाखवणार?"

"यंदा देव न्हाई आमाला. लेकीसाठी करतोय. तिचा वाढदिवस हाय."

"राधाचा? अहो, राधाचा तर जूनमध्ये असतो. एक जून. मी केक खाल्लाय की."

"ती मास्तरांची तारीख."

"म्हणजे?"

"शाळंत घालताना मास्तरांनी इचारलं, जलम कधीचा? मी म्हनलं, सटीचा. ते म्हनले, सट-बिट रजिस्टरात बसत न्हाई, एक जून टाकतो. तिच्या वर्गातली समदी पोरं एक जूनची हायती."

अलकनंदाबाई हसता हसता खाली बसल्या. "बिल्कुल बरोबर! आमच्या ह्यांचा पण एक जून! गेले तोवर मला वाटायचं, हा माणूस जूनचाच." मग पदरानं डोळे टिपले, म्हणाल्या धूर फार झालाय, आणि उठून गेल्या. मी त्यांच्यासाठी एक वांगं वेगळं काढून ठेवलं.

सोलून, ठेचून, त्यात हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाण्याचा कूट घातला. बाजरीचं पीठ कोमट पाण्यात घट्ट मळून हातावर जाड रोडगे थापले. पहिला तव्याला चिकटला. दुसरा करपला. तिसरा जमला. संध्याकाळी दोघं आली तेव्हा ताटं वाढलेली होती.

अनुराग दारातच म्हणाला, "वाह बाबा! क्या खुशबू है!"

राधा बूट न काढता तशीच उभी राहिली. भरताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आबा, हे काय?"

"बस. तुझा दिवस हाय आज."

ती बसली. रोडगा मोडला, भरीत लावलं, एक घास खाल्ला. मग दुसरा. खाली मान घालून खात होती. अर्धा रोडगा संपल्यावर थांबली.

"आबा, आज आहे माझा वाढदिवस?"

"मग? सटीचा जलम तुझा."

"पण आईचा फोन सटीला यायचा नाही. म्हणजे यायचा, पण तो सणाचा. वाढदिवसाचा त्याच्या आधी. तुम्ही देवळात असायचात तेव्हा."

माझा हात ताटातच राहिला. "आधी म्हंजे? किती आधी?"

"ते कधी बघितलं नाही. कधी नोव्हेंबर असायचा, कधी डिसेंबर. ती म्हणायची, आज तुझा दिवस, आज शेंगोळे केलेत, तुझ्या नावानं मी खाते. मी हो म्हणायचे. विचारलं नाही कधी. ती सांगणारच होती ना दर वर्षी." राधाचा आवाज बारीक झाला. "यंदा मी रोज वाट बघितली आबा. म्हटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्ही म्हणाल एखाद्या सकाळी."

"मला वाटलं, तुला ठावं आसंल," मी म्हणालो.

अनुरागनं विचारलं, "हॉस्पिटलचं काही रेकॉर्ड?"

"घरीच झाली ती. सुईण कवाच वारली, आई बी गेली."

मी दामूला फोन लावला. त्याच्या बायकोनं, लतानं, उचलला. मागं ढोल वाजत होता, सट होती तिकडं.

"लता, राधी कुठल्या दिशी झाली गं?"

"आवं भावजी, आज का हे?"

"सांग की."

"मी लगीन हून आले ती त्येच्या पुढल्या वर्साला. पन तुमच्या आई, आमच्या आत्याबाई, सांगायच्या, तुमी घटी बसला हुता तवा झाली."

"मग मला देवळात कुनी का न्हाई सांगितलं?"

"कसं सांगत्याल? सोयेर कळलं आसतं तर तुमाला घटावनं उठावं लागलं आसतं. वैनीच म्हनल्या म्हनं, देवळाकडं कुनी फिरकू नगा, धन्याचं नवरातर मोडंल. दार लावून घेतलं हुतं. पोरगी रडाय लागली की आत्याबाई परात बडवायच्या, देवळात आवाज जाऊ ने म्हनून. सटीला तुमी आला, तवा सांगितलं." ती हसली. "तुमाला ठावं न्हवतं व्हय? आमी समदं आजून हसतो."

"कुठला दिस त्यो, पैला का तिसरा?"

"त्ये वैनीलाच ठावं. आत्याबाई म्हनायच्या ते मी नीट ऐकलं न्हाई बगा."

फोन ठेवला. आमच्या घरापासून देऊळ हाकेच्या अंतरावर. मी तिथं डोळे मिटून बसलेला, आणि इकडं कौशल्या दातात पदर धरून पडलेली. मला परातीचा आवाज आठवला. खरंच आठवला. त्या वर्षी मी शेजारच्या घटकऱ्याला म्हणालो होतो, "कुनाच्या घरी माकडं शिरली वाटतं."

हे मी राधाला सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग हसायला लागली. "माकडं? आबा, मी माकड?" हसता हसता रडायला लागली. आई गेल्यापासून माझ्यासमोर ती पहिल्यांदाच रडत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. अनुराग उठून पाणी घेऊन आला आणि आम्हां दोघांच्या मधे पेला धरून उभाच राहिला.

"चलो, सटीच्या आधीचे पाचही दिवस करू या," तो म्हणाला. "फाइव्ह केक्स."

"गप रे," राधा म्हणाली. नाक पुसलं. ताटातला उरलेला रोडगा उचलला. तो संपवून तिनं दुसरा घेतला. करपलेला होता, तोच घेतला.

"आईनं कसा वेगळा ठेवला असेल हा दिवस इतकी वर्षं," ती म्हणाली, "तुमच्यापासून."

"मी सटीला घरी यायचो, ती वाढायची. तिनं कंदी चुकतंय म्हनून सांगितलं न्हाई."

"आता तुम्ही एक दिवस धरा आबा. पाचातला कुठलाही. तुम्ही सांगाल तो माझा."

"धरतो," मी म्हणालो.

त्याला आता महिना होत आला. अलकनंदाबाईंच्या घरातलं कॅलेंडर मी मागून आणलं, मार्गशीर्ष लागतो ते पान उघडून बसतो. पहिल्या दिवसावर बोट ठेवतो, वाटतं हाच. मग चौथ्यावर ठेवतो. राधा हापिसातून आल्यावर काही विचारत नाही, पण ताट पुढ्यात घेऊन पुरतं जेवते. कौशल्याला हे विचारायचं राहिलं. आणि दिवस धरायचा, तोही मी अजून धरलेला नाही.