दीपमालाचा शेरा

“मॅडम, माझा शेरा तुम्ही लिहिलाय, का मीच?”

राजनंदिनीनं विचारलं आणि प्रगतिपुस्तक टेबलावर ठेवलं. शिक्षकखोलीच्या दाराआड मैत्रिणी ओढणीत तोंड खुपसून उभ्या होत्या. विचारून दाखव, वडापाव आमच्याकडनं, अशी पैज होती.

संयोगिता मॅडमनी पेन खाली ठेवलं. आष्ट्याच्या त्या शाळेत सगळे शिक्षक एआयकडून कामं करून घेत, पण त्याला काय करायचं ते प्रत्येक जण दरवेळी नव्यानं टाइप करत बसायचा. सहामाहीच्या आधी राजनंदिनीनं सगळ्यांचे प्रॉम्प्ट गोळा केले, त्यांना नावं दिली आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये लावून ठेवले. पालकसभेची सूचना, सहलीचं संमतिपत्र, प्रगतिपुस्तकाचा शेरा. नुसतं नाव आणि मार्क भरायचे, बाकी तयार. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर कौतुक केलं, तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

“तुझ्यामुळं अख्ख्या वर्गाचे शेरे एका बैठकीत झाले,” मॅडम म्हणाल्या. “का गं, चुकलं काय?”

“चुकलं नाही. पण दीपमालालाही तोच आलाय. ‘मनमिळाऊ व अभ्यासू.’ तिचे पप्पा फौजेत आहेत ना, तिनं त्यांना फोटो पाठवला. ते म्हणाले, ह्यात तू कुठं हायस? मघाशी नळावर सांगत होती कुणाला तरी. डोळे पुसत.”

दाराआडचं हसू थांबलं.

मॅडमनी फोल्डर उघडलं. राजनंदिनीनं उभ्या उभ्याच शेऱ्याच्या प्रॉम्प्टमध्ये एक ओळ वाढवली: ‘शिक्षकांनी स्वतः पाहिलेली एक गोष्ट. ही जागा रिकामी असेल तर शेरा लिहू नकोस.’

“आता भरा. आधी माझं.”

मॅडम हसल्या. त्यांनी लिहिलं, ‘प्रश्न सगळ्यांच्या आधी विचारते, उत्तराला थांबत नाही.’

“लय खरं हाय,” दारातून आवाज आला.

“गप गं. आता दीपमाला, मॅडम.”

मॅडमची बोटं कीबोर्डवर टेकली आणि तशीच राहिली. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला.

“शेवटच्या बाकावर बसते,” मॅडम हळू म्हणाल्या. मग वर बघून, “तूच सांग. पाचवीपासून एका वर्गात आहात तुम्ही.”

राजनंदिनीनं तोंड उघडलं. मग दाराकडं पाहिलं. तिथंही सगळ्या एकमेकींकडंच बघत होत्या.

मॅडमनी जागा रिकामीच ठेवून बटण दाबलं. स्क्रीनवर उमटलं, ‘माहिती अपुरी आहे.’

संध्याकाळी आई भाकरी थापत होती आणि आप्पा नुकतेच रानातून येऊन पाय धूत होते. राजनंदिनी उंबऱ्यात उभी राहिली.

“उद्यापासून मी शेवटच्या बाकावर बसणार.”

आईचा हात थांबला. आप्पांनी तांब्या खाली ठेवला.

“का गं? बाईंनी मागं घातलं व्हय?”

“न्हाई आप्पा. दीपमालाशेजारची जागा मोकळी हाय.”