तेजबाबांचा हात आणि दिव्यांची फळी

बंद गोदामापुढे मुंगीला शिरायला जागा नव्हती. विजेवरच्या रिक्षांचे रिक्षावाले आपापल्या मेलेल्या बॅटऱ्या घेऊन रांगेत उभे होते. तेजबाबा डोळे मिटून बॅटरीवर हात ठेवायचे आणि रिक्षा ओढायला नकार देणाऱ्या त्याच बॅटरीवर रंगीत दिव्यांची माळ झगमगायची. लोक तोंडात बोटं घालायचे. आपण बॅटरीचा आत्मा परत बोलावतो, असं बाबा सांगत. बॅटरीला आत्मा असतो हे ती बनवणाऱ्यांना मात्र अजून कळलेलं नव्हतं.

मागे उभ्या असलेल्या बॅटरीवालीच्या अंगाची लाही लाही होत होती. रिक्षांतून काढलेल्या बॅटऱ्या तपासायच्या आणि दमदार असतील त्या घरोघरी वीज साठवायला बसवायच्या, हा तिचा धंदा. वीज गेली की सासूबाईंचं ऑक्सिजनचं यंत्र तिनं बसवलेल्या अशाच बॅटऱ्यांवर चालायचं. आज मात्र दीर हटून बसला होता. त्या काढायच्या आणि आईच्या यंत्राला बाबांच्या हातची बॅटरी जोडायची. ती घ्यायलाच तो आला होता, आणि त्याच्यामागून ही.

दिराच्या हाती बॅटरी पडताच बॅटरीवाली गर्दी रेटत पुढे गेली. आधी तिनं रांगेतल्या एका रिक्षावाल्याची बॅटरी मागून घेतली आणि बाबांचा हात लागण्याआधीच तिला त्यांचीच माळ जोडली. माळ लख्ख पेटली.

बाबा गडबडले. म्हणाले, "आमची नजर पडली होती तिच्यावर."

"मग रांग कशाला लावलीत? नुसतं बघत बसा की," रिक्षावाला म्हणाला. लोक हसले.

तिनं पिशवीतून आपली तपासणीची फळी काढली. तिच्यावरचे मोठे दिवे सासूबाईंच्या यंत्राएवढीच वीज ओढायचे. दिराच्या हातातली बॅटरी तिनं मागितली, तसे बाबा मध्ये पडले. श्रद्धेची परीक्षा घेऊ नये, म्हणाले.

"श्रद्धा तुमच्यापाशीच राहू द्या. मी बॅटरीची परीक्षा घेतेय. आमच्या आईंचा श्वास हिच्यावर चालणार आहे."

तिनं बॅटरी फळीला जोडली. दिवे पेटले. तिसऱ्या मिनिटाला लालसर झाले आणि पाचव्याला विझले. दिराचं तोंड उतरलं.

"रिक्षा ओढत नाही म्हणून बॅटरी मरत नाही," ती सगळ्यांना म्हणाली. "माळेला लागते चिमूटभर वीज, तेवढी हिच्यात आधीपासूनच होती. कुणी माळ लावून बघितलीच नाही. काही बॅटऱ्या घरात अजून वर्षानुवर्षं चालतील, काही पाच मिनिटांत बसतील. कुठली कशी, ते मोजल्यावर कळतं. हात ठेवून नाही."

बाबांनी माळ गुंडाळली, पण त्यांच्याकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं. रांग फळीपुढे लागली होती.

दीर तिच्याजवळ सरकला. मग चाचरत म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. घरच्या बॅटऱ्यासुद्धा एकदा फळीला लावून बघू या का?"

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून असं शहाणपणाचं वाक्य तिनं ऐकलं नव्हतं. तिला मनापासून आनंद झाला.

"चला, ही रांग संपली की लगेच बघू," तिनं फळी त्याच्या हातात दिली. "आणि दर महिन्याला तुम्हीच तपासा. मी सांगते म्हणूनसुद्धा विश्वास ठेवू नका."